सातव्या ठिकाणचं पाणी

उम्म अल क्वैनच्या जुन्या धक्क्यावरून
सव्वासहाला सुटली बोट.
अकरावी ब. तेवीस जण नारिंगी जाकिटांत कोंबलेले,
आणि लिसम्मा मॅडम, ज्यांना बोट लागते
हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

खाडी इस्त्री केल्यासारखी.
पाणकावळ्यांची एक काळी ओळ
पाण्याला पोट न लावता निघून गेली.

बेटावर चार खोल्या, एक जनरेटर,
दारातच समुद्रगाईची कवटी,
नाकाड खाली वळलेलं,
अजून गवत शोधत असल्यासारखं.
निहार म्हणाला, सेल्फी.
डॉक्टर शैखा म्हणाल्या, आधी तिला सलाम.
हसायचं की नाही कळेना. केला.

टाकीत प्रवाळ. गेल्या ऑगस्टनंतर उरलेलं.
पाणी फारच तापलं की ते
आपला रंग स्वतःच घराबाहेर काढतं,
मग उपाशी बसतं, पांढरं.
कोणीतरी विचारलं, रंग परत येतो का?
कधी कधी, म्हणाल्या त्या, आणि टाकीची काच पुसली.

उबैदचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे.
उबैद बुड्या मारत नाही, तिवरं मोजतो.
चिखलात घोट्यापर्यंत उभा राहून म्हणाला,
पान चाटून बघ.
चाटलं. मीठ.
मुळांनी खारं प्यायचं,
नको ते मीठ पानावर घामासारखं सोडायचं.
मला बाबांचा शर्ट आठवला,
नाईट शिफ्टनंतर पाठीवर उमटणारा
पांढरा नकाशा.

बाबा पाणी बनवतात.
पहिलीत हे सांगितलं तेव्हा वर्ग हसला होता.
दहिवडीला त्यांच्या लहानपणी
टँकरसाठी माणसांच्या आधी
घागरी रांगेत उभ्या राहायच्या.
आता ते समुद्र घेतात
आणि गावभर गोडं पाणी देतात.
उरलेलं?
उरलेलं जिथलं तिथे, म्हणतात ते. परत.

दुपारी खारेपणा मोजायचं यंत्र हातात दिलं.
काचेवर एक थेंब. उन्हाकडे धरायचं.
निळं आणि पांढरं जिथे भेटतं, तो आकडा.
येताना वाटेत भरलेल्या नऊ बाटल्या;
माझ्या वाट्याला सातवी.
चाळीस, म्हणत होते सगळे. चाळीस. एक्केचाळीस.
माझा शेहेचाळीस.
काच पुसली. नवा थेंब. शेहेचाळीस.

डॉक्टर शैखांनी नकाशावर बोट टेकवलं:
हो, इथे प्लांटची नळी सुटते ना.
आवाजात राग नव्हता.
त्याच प्लांटचं पाणी त्यांच्या थर्मासमध्ये,
अर्धं प्यालेलं.
हुदाने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे.
मी वहीत लिहिलं, ठिकाण सात,
आणि आकडा, जरा बारीक.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात आमच्यात.
पण जे न खाता टाकून दिलं
त्या मिठाला कोणी जागायचं?
हे परतीच्या बोटीत सुचलं,
तेव्हा मॅडम पिशवीत तोंड घालून बसल्या होत्या
आणि मी त्यांची पाठ चोळत होते.

घरी बाबा निघायच्या तयारीत.
डबा, ओळखपत्र, एक बूट पायात.
काय पाहिलंस?
समुद्रगाय, म्हटलं. म्हणजे तिची कवटी.
मग कंपासपेटीतलं पान दिलं, दुमडलेलं, मलूल.
चाटा.
त्यांनी कशाला विचारलं नाही. चाटलं.
तोंड वाकडं केलं, हसले:
हे झाड आमच्या खात्यातलं दिसतंय.
दुसरा बूट चढवता चढवता थांबले.
टाकतं कुठे गं हे, एवढं मीठ?

मी नळाखाली पेला धरला.
भरायला वेळ लागतो, पाणी हळू सोडलं तर.